बिरोबाने बिघडवलेले नमुने

त्या वर्षी मी देवाशी अबोला धरला होता. माझ्या सात वर्षांच्या चिंगीला थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी तिला सोलापुरात रक्त चढवायचे. कुणाच्या तरी जुळणाऱ्या मूळपेशी मिळाल्या तरच ती बरी होईल, असे डॉक्टर म्हणाले. घरात कुणाच्याच जुळल्या नाहीत. माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्याच, म्हणजे सगळे गोत एकच. तेव्हा नात्यात शोधा, असे डॉक्टरांनीच सुचवले.

आमचे सगळे नातलग एका जागी सापडतात ते दुधनीजवळच्या बिरोबाच्या जत्रेत. मी तिथेच टेबल मांडले, देवासाठी नव्हे, गर्दीसाठी! जुळणी तपासायच्या नमुन्यासाठी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, एवढेच काम. तोंडात काही नको, हे मी घसा बसेपर्यंत सांगितले. पण आत्या देवळाच्या दारात भंडारा घेऊन उभी. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या जिभेवर तिने चिमूटभर हळद टेकवली. "देवाचं हाय, त्येला खाणं म्हणत्यात व्हय?" आठवड्याने फोन आला, सगळे नमुने बाद. मी बिरोबाला नाही नाही ते बोलले आणि खूप रडले. आत्या दोन दिवस जेवली नाही.

पुढच्या रविवारी सगळ्यांना सोलापूरला घरी बोलावले. या खेपेस आत्याने भंडाऱ्याचा डबा कपाटात कुलूपबंद केला आणि लाटणे घेऊन स्वतः दारात बसली. काडी फिरल्याशिवाय चहासुद्धा नाही. तेवढ्यात चुलत दीर दत्तूभाऊजी उगवले. जत्रेच्या वेळी ते मेंढरे घेऊन लांबच्या रानात होते. आज बाजाराला आले होते, आणि दारातल्या चपला पाहून त्यांना वाटले, जेवणावळ आहे.

"काकू, मी निस्ता जेवाय आलोय की!"

"आदी आ कर," आत्या लाटणे उगारून म्हणाली.

जुळले ते त्यांचेच.

पहिले नमुने चांगले निघाले असते, तर भाऊजी त्या दारात आलेच नसते. याला काय म्हणावे, यावर मी वाद घालत नाही. मी आखलेले सगळे मोडले, म्हणून माझी पोर वाचली. तेव्हापासून मी आखते, पण शेवटचे त्याच्यावर सोडते.

प्रत्यारोपणानंतर कितीतरी महिने चिंगीला गर्दी, देऊळ, भंडारा सगळे बंद होते. यंदा डॉक्टर म्हणाले, रक्त आता लागणार नाही, जत्रेला खुशाल न्या. "आन् भंडारा?" आत्याने तीनदा विचारून घेतले.

तरीही देवळात चिमूट धरलेला तिचा हात थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी डोळे पुसले आणि चिंगीला म्हटले, "आ कर."