लागवडीच्या दिवसांतली शाळा

बाजारात कांद्याच्या रोपांची जुडी नाकाशी धरली आणि येडगावचा आमचा वाफा आठवला. तीसेक वर्षं झाली. मी आठवीत, थोरली ताई दहावीत. लागवडीला शाळा बुडायची ती तिचीच. मी शेंडेफळ, मला आई रोज शाळेत पिटाळायची.

एका संध्याकाळी मी दप्तर बांधावर टाकलं. चिखलातूनच ताईनं विचारलं, "आज काय शिकवलं रं?"

"काय नाय."

"मंग उद्या तू रोपं लाव. मी जाते शाळंत."

ती हसत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा फळ्याकडं नीट बघितलं, तिला सांगता यावं म्हणून.

एकाच घरात शाळेची ही ओढ अशी कमीजास्त कशी?

आता शाळेतून आलेल्या माझ्या एकुलत्या लेकीला मी तेच विचारतो. "काही नाही," ती म्हणते. ताईचं उत्तर ओठांवर येतं. पण आमच्या फ्लॅटमध्ये वाफा कुठंय?