भिंतीकडे तोंड करून

साऱ्या वऱ्हाडात आमच्या चाचांइतका पक्षपाती माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका चोख निवाडाही दुसऱ्या कोणाकडून ऐकला नाही. एकाच माणसाविषयी या दोन्ही गोष्टी सांगितल्या की लोक माझ्याकडेच संशयाने पाहतात. पण चिखलीच्या ज्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी उमेदीची वर्षं कारकुनी केली, तिथल्या कोणत्याही हमालाला विचारा, तो हेच सांगेल.

चाचा जिनातले कापसाचे पारखी. हंगामात फाटकापासून सडकेपर्यंत बैलगाड्यांची रांग लागे, आणि कोणत्या गाडीतला कापूस पहिल्या नंबरचा, कोणता दुसऱ्या, कोणता तिसऱ्या, हे चाचांनी ठरवायचं. मालकापासून पाणक्यापर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणत. उंच, ताठ, मेंदी लावलेली दाढी, आणि बसणं असं की नवा माणूस त्यांना रुसलेलं समजे. फाटकाकडे पाठ, भिंतीकडे तोंड. हमाल गाडीतल्या तीन जागांचा मूठ-मूठ कापूस आणून मागून त्यांच्या हातात देई. मग चाचा दोन्ही अंगठ्यांत धागा ताणत, तो तुटताना कानाशी नेऊन ऐकत, एखादी सरकी दाताखाली फोडून ओल पाहत आणि भिंतीला नंबर सांगत. गाडी कोणाची, हे सांगायला सक्त मनाई होती. एकदा एका बड्या पाटलांनी मागून प्रेमाने रामराम घातला. चाचांनी हातातला कापूस तिथेच टाकला, पाटलांना फाटकाबाहेर पाठवलं, मधे दहा-बारा गाड्या पाहून घेतल्या आणि मग तीच गाडी कोणती ते कळू न देता पुन्हा आणायला लावली. पाटील उन्हात उभे होते. चाचांना त्याचं काही वाटलं नाही.

हे झालं कामावर. कामाबाहेर मात्र चाचा येणाऱ्या-जाणाऱ्याला एका नजरेत निकालात काढत. विड्याला चुना कमी लावणारा दगाबाज. जाड भुवयांचा माणूस बायकोला मारतो. बुलढाण्याहून आलेल्या एका नामांकित वकिलांना त्यांनी वाजंत्रीवाला ठरवलं होतं आणि लग्न कोणाकडे आहे म्हणून विचारलंही होतं. एका अनोळखी इसमाच्या चेहऱ्यावर त्यांना फकिरी दिसली, म्हणून भर पावसात त्याला स्वतःची छत्री दिली. ती छत्री आजतागायत परतलेली नाही, पण चाचांचं मत बदललं नाही. बिचारा कुठे अडकला असेल, एवढंच ते म्हणत. आणि मी? मी चोर होतो. पहिल्या दिवशी माझे नवे जोडे करकर वाजले, तेवढा पुरावा त्यांना पुरला. पुढे महिनाभर मी जवळून गेलो की चाचा जेवणाचा डबा मांडीवर घेत.

डबा मांडीवरून खाली उतरल्यावर, म्हणजे आमची दोस्ती झाल्यावर, मी एकदा त्यांना विचारलं, की माणसं पाहायची इतकी हौस आहे तर हंगामभर भिंत काय पाहता?

"माहे डोये लय लबाड हायेत, बाबूजी," चाचा म्हणाले. "मानूस दिसला का आधी तेच नंबर देते. हात गरीब हाये बिच्चारा. डोयाम्होरं त्याचं कोनी ऐकत नाई."

मग हळूहळू हकीकत बाहेर आली. पारखी झाले त्या पहिल्याच हंगामात, देवीच्या वणांनी चेहरा भरलेल्या एका माणसाचा कापूस त्यांनी नीट हाताळलाही नव्हता आणि तिसरा नंबर सांगून टाकला होता. तो माणूस भांडला नाही. गाडी फिरवून निघून गेला. जाताना सांडलेला मूठभर कापूस चाचांनी सहज उचलून पाहिला, तर तसला धागा त्या वर्षी दुसरा आला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं स्टूल फिरवलं.

पुढे मुंबईहून नवे मॅनेजर आले. भिंतीकडे पाहून कापूस पारखणारा म्हातारा पाहताच त्यांचं मत झालं, की याची नजर गेली आहे आणि ते लपवायला हे सोंग आहे. मला बोलावून त्यांनी एक परीक्षा ठरवली. निकाल वाईट लागला तर चाचांना हंगामाच्या मध्यावर घरी पाठवायचं, आणि तसा रिपोर्ट मी लिहायचा.

परीक्षा अशी. एकाच ढिगातून दोन पोती भरायची. एक पोतं जरीच्या टोपीतल्या व्यापाऱ्याच्या शिंगं रंगवलेल्या बैलांच्या गाडीत, दुसरं लोणारकडच्या एका घोंगडीवाल्याच्या गाडीत. दोन्ही पोती मी माझ्या हातांनी भरली. चाचांनी दोन वेगळे नंबर सांगितले, की नजर गेली हे सिद्ध. गाड्या उभ्या राहिल्यावर मॅनेजरांनी चाचांना फाटकाकडे तोंड करायला लावलं. चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि स्टूल फिरवलं.

व्यापाऱ्याचा कापूस पहिला नंबर, घोंगडीवाल्याचा तिसरा. चाचांनी सांगून टाकलं.

मॅनेजर हसले. पण खरं सांगायचं तर मी हादरलो होतो तो वेगळ्याच कारणाने. दोन्ही पोती स्वतः भरूनही त्या क्षणी मलासुद्धा व्यापाऱ्याचा कापूस अधिक पांढरा दिसत होता. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

चाचा मात्र अस्वस्थ झाले होते. बोटं एकमेकांवर घासत होते. "साहेब, थांबा," म्हणाले. "हात 'नाई' म्हनून राह्यला." त्यांनी कोणाची परवानगी न घेता स्टूल पुन्हा भिंतीकडे वळवलं आणि दोन्ही पोत्यांतला कापूस परत मागितला. धागा ताणला, ऐकला, सरकी फोडली. मग मागे न पाहता म्हणाले, "एकाच ढिगातला माल हाये, साहेब. दोनी दुसरा नंबर. आता जे बोललो ते माह्या डोयाचं होतं, ते खोडून टाका."

मॅनेजर वाकून दोन्ही मुठींतला कापूस पाहत राहिले. रिपोर्टाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि आठवड्याभरात सुताराकडून चाचांच्या स्टुलाला पाठ बसवून दिली, भिंतीकडे तोंड राहील अशी. त्या जिनात मी नोकरी केली याचा मला आजही अभिमान आहे, तो त्या स्टुलामुळे.

बऱ्याच वर्षांनी सर्व्हिस मोटारीने लोणारला गेलो, तेव्हा चाचा जावयाच्या बांगड्यांच्या दुकानाबाहेर ओट्यावर बसलेले दिसले, भर रस्त्याकडे तोंड करून. जवळ गेलो तसे म्हणाले, "जोडे अजून वाजते तुमचे, बाबूजी." डोळ्यांवर पांढरी साय आली होती. यावेळी नजर खरीच गेली होती.

"आता पाठ फिरवाचं काम नाई राह्यलं," ते हसून म्हणाले. "आता कुनीकडे बी बसतो."

मग त्यांनी मला रस्त्यावरची माणसं सांगायला लावली. मी एकेकाचा चेहरा वर्णन करायचा आणि चाचांनी पूर्वीसारखा फटकन निकाल द्यायचा. सगळे निकाल चुकीचे असणार याची मला खात्री होती, आणि मला फार बरं वाटत होतं. मोटारीचा भोंगा वाजला तसा मी उठलो. त्यांनी माझी बाही चिमटीत धरली, अंगठ्याने सूत ताणून पाहिलं.

"सदरा दुसरा नंबर हाये," चाचा म्हणाले. "मानसाचं मले कधी जमलंच नाई."

त्यांचा हात सोडवून घ्यायला मला वेळ लागला. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता.