शिंगवालीचं सुतक

माणसांना सोडून राक्षसांची बाजू घेणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, ती म्हणजे आमच्या मालकीणकाकू. बोईसरजवळ पाम गावात त्यांच्या वाडीत मागच्या अंगाला भाड्याच्या चार खोल्या होत्या. मी मिरजेची, बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट, आणि तिसऱ्या खोलीतली भाडेकरू. काकूंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बडोद्याला. पुढच्या घरात त्या एकट्या आणि त्यांचा आवाज.

पहिली पाळी करून नाक्यावर बसमधून उतरले की मी त्यांच्या ओटीवर बसून मोबाइलवर माझी जपानी मालिका बघायची. तिला कोणी कार्टून म्हटलं की मला राग यायचा, कारण तिच्यात ससे-बाहुल्या नव्हत्या. शाप होते, रक्त होतं आणि सगळ्यांची मनं काळीठिक्कर पडलेली होती. काकू शेजारी भिजवलेले वाल सोलत बसायच्या. एकदा मान वाकडी करून त्यांनी विचारलं, ही शिंगवाली कोण?

तिथे मी अडकले. गोष्ट दोन बहिणींची. थोरलीने धाकटीचा जीव वाचवायला राक्षसाशी करार केला आणि तिला शिंगं फुटली. धाकटीला यातलं काही ठाऊक नाही, ती तलवार घेऊन थोरलीच्याच मागावर. मालिका जपानीत, खालच्या ओळी इंग्रजीत, आणि काकूंसाठी मराठीत मी. कामावरून दमून आलेली मी दोन मिनिटांचं भाषण ‘ती नाही म्हणते’ एवढ्यात उरकायची. काकू वाल बाजूला ठेवायच्या. “एवढा येळ तोंड हलवलं, आणि एवढंच बोलली?” मग मागे जाऊन मला सगळं पुन्हा वाचावं लागायचं.

धाकटी पडद्यावर आली की काकूंचं एकच पालुपद. “आदी विचारायचं ना गो तिला, असं का केलंस म्हणून.” हे त्या प्रत्येक भागात म्हणायच्या. पुढे मला कळलं की त्या स्वतः एडवणच्या धाकट्या जावेशी अकरा वर्षं बोलत नव्हत्या. काकूंच्या मुलाच्या हळदीला जाऊबाई आल्या नाहीत, लग्नालाही नाहीत. का आल्या नाहीत, हे काकूंनी कधी विचारलं नव्हतं. मी एकदा ते बोलून दाखवलं, तर दोन दिवस माझा चहा बंद झाला.

शेवटचा भाग मी आदल्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये चोरून पाहिला आणि बसमध्येच रडले. शिंगवाली धाकटीचा वार अंगावर घेऊन समुद्रात पडते. हे काकूंना कसं सांगायचं? मी वाचतानाच बदल करायचं ठरवलं. पडद्यावर माणसं धाय मोकलून रडत होती आणि मी बिनदिक्कत वाचत होते की थोरली कंटाळून माहेरी गेली. काकूंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“मेली ती,” त्या म्हणाल्या. “मला इंग्रजी येत नाय, पण माणूस गेलेलं कळतं.” आणि न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेऊन आल्या.

मला वाटलं, उकडलं असेल. पण त्यांनी सुतक धरलं होतं. आपल्या गोत्रातली नाही म्हणून दहा दिवस नकोत, तीनच. देवपूजा बंद, फोडणी बंद, मासळी बंद. मलाही पाळायला लावलं, कारण मुळात ओळख माझी. कारखान्यात माझी बिनफोडणीची आमटी बघून मैत्रिणींनी कोण गेलं विचारलं. लांबच्या नात्यातली होती, असं मी सांगितलं.

दारावर येणाऱ्या मासळीवालीला काकूंनी सुतक आहे म्हणून परत पाठवलं. तिची लेक एडवणला, जाऊबाईंच्याच गावात दिलेली. काकूंच्या दारातून बोंबील परत जाणं ही काही लहान बातमी नव्हे. तिसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी रिक्षा थांबली आणि जाऊबाई उतरल्या. डोळे सुजलेले, हातात फडक्यात बांधलेलं पातेलं. सुतकाच्या घरी नातलगांनी जेवण न्यायचं असतं, तिथे अबोला आड येत नाही. पुतण्याला काही झालं असेल या धास्तीने त्यांना फोन करायचाही धीर झाला नव्हता.

“ताई, कोण गेलं?”

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. शेवटी मीच मोबाइल पुढे केला. निळ्या केसांची, कपाळावर शिंगं असलेली ती बाई जाऊबाईंनी बराच वेळ न्याहाळली. आता आमची धडगत नाही, असं मला वाटलं. पण त्या हळूच ओटीवर टेकल्या आणि एवढंच म्हणाल्या, ही अशी कशानं झाली?

“कोणी तिला विचारलंच नाय,” काकू म्हणाल्या आणि मधेच थांबल्या. पदराचं टोक चुरगळत राहिल्या. “तू का नाय आलीस गो हळदीला?”

जाऊबाईंनी तोंडावर पदर धरला. “पुढचे चार दात काढले होते. कवळी यायची होती. फोटोत तशी कशी येऊ?”

अकरा वर्षं, चार दातांपायी! काकू आधी हसल्या की आधी रडल्या, ते मला सांगता येणार नाही, कारण मीही तेच करत होते. पातेल्यातला भात आम्ही तिघींनी संपवला आणि मी पहिल्या भागापासून पुन्हा वाचायला बसले.

पुढे मी मिरजेला परत आले. त्या मालिकेत एवढं काय आहे, असं कोणी विचारलं की मला तलवारी आठवत नाहीत, ती ओटी आठवते.

गेल्या महिन्यात दुसरा सीझन आला. पामहून व्हिडिओ कॉल, पडद्यात दाटीवाटीने दोन तोंडं. मी वाचायला लागले, तर पहिल्याच भागात शिंगवाली जिवंत निघाली. समुद्रातून वर येऊन खरोखरच माहेरच्या गावी राहत होती. काकूंचा चेहरा पडला. “म्हंजे आपलं सुतक खोटंच झालं गो.”

“होऊ दे ना ताई,” जाऊबाई कवळी सावरत म्हणाल्या. “मी आले, ते तर खोटं नाय ना?”

काकूंनी घसा खाकरून मला फर्मावलं, पुढचं वाच, आणि गाळू नकोस.