मी न केलेले फोन

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आज आहे असंही मी म्हणणार नाही. माझ्या सासरी चकव्याच्या, भानामतीच्या गोष्टी रंगवून सांगणारे पुष्कळ आहेत. ते सांगत असताना हळूच मोबाइल बघत बसणारी ती मी. शिवाय माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत. समोरचा 'चालतंय' म्हणाला की आपण 'दाखव' म्हणायचं... शंका घेणं हाच माझा धंदा. त्यामुळे हे वाचून कुणी 'सायबर फ्रॉड असेल' म्हणालं तर मला मुळीच वाईट वाटणार नाही. मी स्वतः पहिल्यांदा तेच म्हणाले होते. अधूनमधून अजूनही म्हणते, फक्त आता म्हणताना आवाजात जोर राहत नाही.

माझे आई-बाबा भिवापूरला राहतात. बाबा एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झाले. जन्मभर लोकांना तिकिटं फाडून दिली, पण विमानात कधी बसले नव्हते. आईला बऱ्याच वर्षांपासून हैदराबादकडचं एक थीम पार्क बघायचं होतं. टीव्हीवर तिथले सिनेमाचे सेट दाखवायचे. "समोरून महाल अन् मागून नुसते बांबू. ते बांबू मले एकदा पाह्याचे हायेत," असं ती म्हणायची. मागच्या वर्षी थंडी सरता सरता, त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाचं निमित्त करून मी ते ठरवून टाकलं.

मला सुट्टी मिळणार नव्हती. त्यामुळे दोघांनाच पाठवायचं होतं, आणि म्हणूनच मी त्या प्रवासाच्या मागे हात धुऊन लागले. आईचे गुडघे दुखतात. बाबांना रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात स्टेंट टाकलेला, त्यांची रक्त पातळ करायची गोळी सकाळी चुकवून चालत नाही. म्हणून दुपारचं विमान घेतलं, म्हणजे पहाटेची धावपळ नको. आदल्या दिवशीच दोघांना माझ्याकडे आणून ठेवलं. आईसाठी व्हीलचेअर सांगितली. हॉटेल पार्कच्या गेटजवळचं, खोली लिफ्टजवळची, जेवण शाकाहारी. औषधं हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. पार्क फक्त सकाळी बघायचं, दुपारी खोलीवर आडवं व्हायचं. बुकिंग माझ्या नवऱ्याच्या, नितीनच्या, मनोज नावाच्या मित्राने करून दिलं. माझे प्रश्न ऐकून तो शेवटी म्हणाला, "वहिनी, एवढ्यात तर लग्न लागून जातं."

दोघांना नागपूर एअरपोर्टवर सोडून मी ऑफिसला गेले. विमान उतरायची वेळ झाल्यावर आईला फोन लावला.

"पोहोचलात?"

"अवं, आताच तं बोलली तू. गाडीतच बसून राहिलो आम्ही."

मला वाटलं, टॅक्सीवाल्याचा किंवा हॉटेलचा फोन असेल. आई गोंधळली असेल. मी विचारलं, "कोण बोललं आई? काय म्हणालं?"

"तूच. म्हणे, बाहेर निघून डावीकडे वळा, खांबापाशी पांढरी गाडी हाये. होतीच ना तिथं."

टॅक्सी कुठे थांबणार हे मला माहीतच नव्हतं. ड्रायव्हर उतरल्यावर फोन करील, एवढंच मनोजने सांगितलं होतं. मी बाबांना फोन द्यायला लावला आणि कोणाचा कॉल आला होता ते बघायला सांगितलं. बाबा चष्मा लावून सावकाश म्हणाले, "तुयंच नाव हाये."

माझ्या मोबाइलवरून तसा कॉल गेलेला नव्हता. मी दोनदा वर-खाली करून बघितलं. त्या वेळेला मी मीटिंगमध्ये होते, चार लोकांच्या समोर. फोन टेबलावर उलटा ठेवलेला.

आमच्या टीममध्ये सगळ्यांचं एकमत झालं. आवाजाची नक्कल करून फसवणूक. हल्ली कुणाचाही थोडासा आवाज मिळाला की हुबेहूब तसाच तयार करता येतो, नंबरही खोटा दाखवता येतो. म्हातारी माणसं परगावी एकटी आहेत हे कुणाला तरी कळलंय. मी तडक बाबांना सांगितलं, "कुणी ओटीपी मागितला, कार्डाचा नंबर मागितला, तर द्यायचा नाही. मी मागितला तरी नाही."

"तिनं कायीच नाही मागतलं," बाबा म्हणाले. "जेवले का म्हणून विचारलं फक्त."

हेच मला जास्त खटकलं. चोर आधी विश्वास मिळवतो.

त्या संध्याकाळी मी मनोजला फोन करून नको ते बोलले. आई-बाबांची माहिती त्याच्याकडेच होती ना. तो बिचारा आधी हसला, मग 'वहिनी, मी कशाला असं करू?' म्हणाला. नितीन माझ्यावर वैतागला, "माझा शाळेपासूनचा मित्र आहे तो." मी म्हटलं, मग हॉटेलवाले असतील. हॉटेलच्या मॅनेजरला फोन केला. तो फार नम्रपणे बोलला... त्या नम्रपणाचाही मला संशय आला. सगळे पासवर्ड बदलले. हॉटेल बदलूया का, असं बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "काहून? खोली मस्त हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचाच फोन आला. आवाज घाबरलेला.

"बरं झालं वं तू आठवण केली. घेतली बाबांनी गोळी."

"कोणती गोळी?"

"रक्ताची. कालच्या गडबडीत ती स्टीलच्या डबीत टाकून ठेवली होती मी, अन् आज साफ विसरून गेली. आम्ही निघालोच होतो. तू म्हणाली, आई, डबी उशीखाली हाये."

मी ऑफिसला जायला निघाले होते. किल्ली हातात तशीच राहिली. गोळ्या कुठे ठेवल्या हे मला माहीत नव्हतं. ती डबी आईने उशीखाली ठेवलीय, हे खोलीत असलेल्या माणसाशिवाय कुणाला कळणार? म्हणजे कॅमेरा. मी आईला आरशावर टॉवेल टाकायला लावला, टीव्हीवर चादर टाकायला लावली, पंख्याकडे बाबांना टॉर्च मारून बघायला लावलं. काहीच निघालं नाही. आई म्हणाली, "आता आम्ही पार्क पाह्याले जाऊ का नको?"

"जा. पण माझा फोन आला तर... म्हणजे माझा म्हणून फोन आला तर, बाबा, तिला काहीतरी विचारा. फक्त मलाच माहीत असेल असं."

बाबा म्हणाले, "बरं."

नितीनने माझी अवस्था बघून त्या दिवशी मला घरूनच काम करायला लावलं. दुपार व्हायच्या आत मी आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. दोघं पार्कमधल्या एका बाकावर बसले होते. मागे गुलाबी रंगाचा खोटा महाल. आई खुशीत होती, बांबू बघून झाले होते. ती मला फोन फिरवून दाखवत होती, तेवढ्यात बाबांच्या खिशातला फोन वाजला.

बाबांनी तो काढला, बघितला, आणि आईच्या फोनसमोर धरला. स्क्रीनवर माझं नाव. माझा फोन माझ्या हातात होता, त्याच्यावर तर मी त्यांच्याशी बोलत होते. नितीन माझ्या शेजारी बसलेला. त्यानेही ते नाव वाचलं.

"स्पीकरवर टाका," मी म्हटलं.

"बाबा," पलीकडून आवाज आला, "ऊन लय झालं. आईले सावलीत बसवा ना."

तो माझा आवाज होता. आपलं रेकॉर्डिंग ऐकताना स्वतःचाच आवाज परका वाटतो, तसं नाही. मला माझ्या डोक्यात जसा ऐकू येतो, अगदी तसा. आणि भाषा भिवापूरची. मी असं बोलणं कॉलेजात असतानाच सोडलं, आईबाबांशीसुद्धा आता पुण्या-मुंबईसारखंच बोलते. नक्कल करणाऱ्याला माझे जे काही व्हिडिओ मिळाले असतील, त्यात हे बोलणं कुठेच नसणार.

बाबांनी दोन्ही फोन मांडीवर ठेवले. आता मला फक्त आभाळ आणि बाबांची हनुवटी दिसत होती.

"मले एक सांगा," ते म्हणाले. आम्हा दोघींनाही एकदमच विचारत होते ते. "लहानपणी एकदा हट्ट करून तू माया एस.टी.च्या गाडीवर आली होती. पवनीहून येता येता मागच्या सीटवर झोपून गेली. भिवापूर आल्यावर तुले उठवलं कोणं?"

मी लगेच म्हटलं, "तुम्हीच, बाबा. तुम्ही उठवलं."

पलीकडचा आवाज म्हणाला, "कोणीच नाही उठवलं. मी जागीच होती. डोये मिटून पडली होती, तुम्ही उचलून घ्यान म्हणून."

आणि मला आठवलं... खरंच आठवलं. गाडीचं इंजिन बंद झाल्यावर झालेली शांतता, बाबांच्या खाकी शर्टाचा गालाला लागणारा खरखरीतपणा, आणि हसू येऊ नये म्हणून मी दाबून धरलेले ओठ. हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. नितीनलाही नाही. सांगणार कसं, मी ते विसरूनच गेले होते.

"मले माहीत होतं," बाबा हळू म्हणाले. "पापण्या हालत होत्या तुया."

"बाबा, तो फोन ठेवा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "लगेच ठेवा. हे काहीतरी वेगळं आहे. तुमच्या पाया पडते."

त्यावर ती पलीकडची म्हणाली — शब्द मला जसेच्या तसे आठवतात — "तिच्यावर रागावू नका बाबा. तिले काम असते."

मग कॉल कट झाला. बाबा उठले, आईचा हात धरला आणि तिला सावलीत घेऊन गेले. माझ्या सांगण्यावरून नाही.

मला त्याच दिवशी हैदराबादला जायचं होतं. नितीन म्हणाला, "उद्या दुपारी ते परत येतायत. तू जाऊन करणार काय?" खरंच, काय करणार होते? कुणाला पकडणार होते? त्यानंतर फोन आला नाही. निदान आई-बाबांनी मला तसं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी नितीन आणि मी वेळेच्या बरेच आधी एअरपोर्टवर जाऊन उभे राहिलो. बाहेर, रेलिंगला टेकून. आमच्या समोर एकच दार होतं आणि माझी नजर त्यावरून हलली नाही. विमान उतरलं, लोक बाहेर येऊ लागले. मग आई दिसली, व्हीलचेअरवर. मागे एअरपोर्टचा माणूस, बाजूला बाबा.

आई मला बघून म्हणाली, "आणली का गाडी? एवढ्या लवकर?"

"कुठून आणली?" मी म्हटलं. "आम्ही इथेच उभे आहोत मघापासून."

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी बॅगेकडे. मी जवळ जायला लागले तेव्हा व्हीलचेअर ढकलणारा माणूस थबकला आणि साध्या हिंदीत म्हणाला, "मॅडम, आप तो अभी अंदर थीं. बॅग आपने ही तो उतारी पट्टे से."

मी म्हटलं, नाही. तो माझ्या कपड्यांकडे बघत राहिला, मग नितीनकडे. नितीनने त्याला विचारलं, बाहेरच्या माणसाला आत सोडतात तरी का? त्याने मान हलवली, नाही सोडत. मग तो आईला आमच्या गाडीत बसवून निघून गेला. माझ्याशी नजर मिळवली नाही त्याने.

गाडी रस्त्याला लागली. शेवटी मी विचारलं, "आई, खरं सांग. आत कोण होतं?"

"तू होती," आई म्हणाली. "पाय दाबून दिले माये, बॅग येईपर्यंत."

मी पोलिसांकडे रीतसर तक्रार करायला गेले. काय चोरीला गेलं, असं त्यांनी विचारलं. काहीच नाही, म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. मोबाइल कंपनीने कळवलं की माझ्या नंबरवरून तसे कॉल झालेले नाहीत. मनोजची मी माफी मागितली, हॉटेलच्या मॅनेजरचीही. एक डॉक्टर मैत्रीण म्हणाली, तू अतिताणात होतीस. असेनही. पण ते नाव नितीननेही वाचलं होतं, आवाज त्यानेही ऐकला होता. आता तो या विषयावर बोलत नाही. मी बोलायला लागले की उठून बाल्कनीत जातो.

आई-बाबा मात्र मजेत आहेत. त्या सहलीचं नाव काढलं की आईचा चेहरा खुलतो. एकदा भाजी निवडता निवडता ती सहज म्हणून गेली, "किती निवांत बोलत होती वं." मग माझ्याकडे बघून पुन्हा भाजी निवडायला लागली.

परवा मी तिला फोन केला. म्हटलं, या वर्षी तुम्हाला जगन्नाथपुरीला पाठवायचं मनात आहे, तारखा बघून ठेवू का?

मागे बाबांचा खोकला ऐकू आला. मग आई मला समजावल्यासारखं म्हणाली, "तू नको घेऊ टेन्शन. झालं ते बुकिंग."

कोणी केलं, हे मी विचारलं नाही. कुणाकडे याचं काही उत्तर असेल तर जरूर सांगा.