हर्नियाचं ऑपरेशन

डॉक्टरांच्या खोलीतून पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी बाहेर आली. "आईशी बोलायचंय म्हणाले," असं सांगत माझ्या शेजारी बसली आणि बंद दाराकडे बघत राहिली.

पाळी येत नाही म्हणून त्या वयात आईनं मला डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा मलाही असंच दाराबाहेर बसवलं होतं. आई डोळे पुसत आली. म्हणाली, "हर्निया आहे, छोटंसं ऑपरेशन." पुढे शेजारणींना कळू नये म्हणून दर महिन्याला ती मला खोटंच बाजूला बसवायची. मला जन्मतःच गर्भाशय नाही आणि ऑपरेशनात काढल्या त्या पुरुषांत असतात तशा वृषणग्रंथी होत्या, हे तिशीत एका परक्या डॉक्टरांनी सांगितलं. माझंच शरीर, आणि ते मला सोडून सगळ्यांना ठाऊक!

दार उघडलं. लाल डोळ्यांनी तिची आई म्हणाली, "काही नाही गं, साधी गाठ आहे."

मुलगी सुटल्यासारखी हसली. मीही अशीच हसले होते.