पहिलं काम घरचं

माझी भाची वकील झाली तेव्हा सगळ्यात जास्त छाती फुगली ती माझ्या भावाची. लहानपणी ही पोरगी प्रत्येक गोष्टीत "पण का?" करायची, म्हणून दादानंच तिचं नाव 'वकीलबाई' ठेवलेलं. सनद मिळाल्यावर एका नावाजलेल्या वकील मित्राच्या ऑफिसात त्यानंच तिला चिकटवलं. तिथं ती काय करायची? फायली बांधायची आणि कोर्टात साहेबांसाठी पुढची तारीख मागायची. "मावशी, एवढा कायदा शिकले आणि तोंडातून एकच वाक्य निघतं, साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत!" असं म्हणून चिडायची. पण खुर्ची सोडत नव्हती. तशी खुर्ची मिळवायला लोकांच्या चपला झिजतात.

मी दवाखान्यात नर्स. लग्न केलं नाही. आईवडिलांची आजारपणं मीच काढली, दादा यायचा तो फळं घेऊन, पाहुण्यासारखा. त्यांच्यामागे घर तिघा भावंडांचं झालं. ताईनं, म्हणजे वकीलबाईच्या आईनं, आपला हिस्सा केव्हाच दादाला लिहून दिला. राहिले मी. दादाला घर पाडून नवं बांधायचं होतं. "मागच्या दोन खोल्या तुझ्याच गं, सही म्हणजे नुसती औपचारिकता," तो म्हणायचा. नव्या घराचा नकाशा त्यानं कौतुकानं टेबलावर पसरला होता. माझ्या खोल्यांच्या जागी त्यात गाडी उभी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण भावाशी वाकडं कशाला म्हणून मी मूग गिळून बसले.

हक्कसोडपत्र करायला दादानं वकीलबाईलाच सांगितलं. "पहिलं काम घरचंच असावं!" म्हणाला. पोरीकडूनच मावशीचं छप्पर काढून घ्यायचं, वर त्याला कौतुकाचा मुलामा. या माणसाला केसानं गळा कापायची कला उपजतच.

रविवारी सकाळी सगळे जमलो. वहिनीनं चहा केला. दादानं स्वतःचं पेन माझ्या हातात दिलं, टोपण काढून.

"थांब मावशी, आधी वाचून दाखवते," वकीलबाई म्हणाली.

"अगं, वाचायचं काय त्यात? घरचाच मामला," दादा म्हणाला.

तिनं वाचायला घेतलं. 'मी माझा संपूर्ण हिस्सा स्वखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय...' इथं ती थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, स्वखुशीनं?"

ताईनं मान खाली घातली. वहिनी कप गोळा करायला लागली, अजून चहा संपला नव्हता तरी. माझ्या डोळ्यांसमोर ती गाडी आली.

"खुशी कसली डोंबलाची!" मी ओरडले. "आईबापाचं हगणंमुतणं मी काढायचं आणि माझ्या खोलीत ह्याची गाडी झोपणार?"

वकीलबाईनं कागद पिशवीत घातला. "मामा, मी यावर सही घेणार नाही."

दादा लालबुंद. "कुणी बसवलं गं तुला त्या ऑफिसात? खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?" तिथल्या तिथं त्यानं मित्राला फोन लावला. तिची खुर्ची गेली त्याच बैठकीत. ताई रडत म्हणाली, "मामाची माफी माग." माफी तिनं मागितली नाही.

सोमवारी मी तिला शोधत कोर्टात गेले. व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती, मांडीवर काळा कोट, शेजारी डबा. समोरून तिचे साहेब गेले, तिच्याकडे न बघता. मला इतका संताप आला की त्यांच्या मागे धावत जावंसं वाटलं.

"वाटणीचा दावा लावायचाय," मी म्हणाले. "घेतेस का?"

ती उठली, कोट अंगात घातला आणि कोरं वकीलपत्र घेऊन आली. ते तिनं अख्खं वाचून दाखवलं. मग म्हणाली, "मावशी, स्वखुशीनं?"

मी तिच्याकडून पेन ओढून घेतलं आणि सही ठोकली. दादाचं म्हणणं अगदी खरं झालं, पोरीचं पहिलं काम घरचंच निघालं.