वाकळांखालचा हौद

माझं शिक्षण चौथीपर्यंत. सजवून लिहिता येत नाही. जे केलं ते लिहितो.

वेळापूरच्या पुढं आमची वस्ती. जुनं माळवद एका पावसात बसलं, मग घरकुल मिळालं. दोन खोल्या, एक खिडकी. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, म्हणून मी आतल्या खोलीतच जमिनीत हौद खणला आणि सिमेंटनं बांधून काढला. वर फळ्या टाकल्या. फळ्यांच्या फटीत बोट जायचं, पण तेवढ्यासाठी कोण पुन्हा सुतार बोलावतो? बायकोनं त्यावर वाकळांची चळत रचली. उन्हाळ्यात तिथं गार लागायचं, म्हणून ती हौदाच्या कडेलाच अंथरूण टाकायची.

गावात डेंग्यूचे पेशंट निघाले, तशी आशाताई दारोदार फिरू लागली. आठवड्यातून एक दिवस साठवलेलं पाणी ओता, भांडी घासून कोरडी करा, म्हणायची. ती येणार म्हणून मी अंगणातलं बॅरल घासून पालथं घातलं. तिनं ते बघितलं, खूश झाली.

"आजोबा, आत काय साठवलंय का?"

"आत जुंधळं हायती," मी म्हणालो. "जमिनीतलं पेव हाय ते."

दारातूनच वाकळा बघून तिला खरं वाटलं. चौकटीवर खडूनं खूण करून गेली. बायको चुलीपुढं होती. तिनं वळून माझ्याकडं बघितलं, बोलली नाही. परक्यासमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, ही तिची रीत. ताई गेल्यावर मात्र तोंड उघडलं.

"अवं, तुमच्या जुंधळ्यात अळ्या वळवळत्यात. तांब्यात येत्यात."

"फडक्यानं गाळून घे."

"गाळतीया की. पर एकदा उपसूया. मी उपसते, तुमी नुसतं बसा."

"आन आठ दिस प्यायचं काय? तुझ्या म्हायेरनं आणतीस का?"

"माझ्या म्हायेरच्यांनी पाणी बगून पोरगी दिली असती, तर तुमच्यात दिलीच नसती."

मी हसलो. हौद राहिला तसाच.

पुढं थोड्याच दिवसांत तिला ताप भरला. अंग ठेचल्यासारखं दुखतंय, डोळ्यांच्या मागं ठणकतंय, म्हणायची. मी तीन दिवस दुकानातल्या गोळ्या दिल्या. आशाताईला सांगितलं असतं तर ती आत आली असती, वाकळा उचलल्या असत्या. म्हणून सांगितलं नाही. हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो.

चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं, तेव्हा जीप करून अकलूजला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात पाणी साठवता का?"

मी "न्हाय" म्हणालो. तोंडाला सवयच लागली होती.

तिनं खाटेवरून हात हलवला. "हाय की, डाक्टर. हौद हाय. ह्यास्नी इसार पडलाय."

तिथंसुद्धा मला खोटारडा म्हणाली नाही.

दवाखान्यात नेल्यापासून तिसऱ्या दिवशी ती गेली.

माणूस गेलं की घरात साठवलेलं पाणी ओतून टाकायचं, ही आमच्यातली चाल. थोरल्या भावजयीनं बाया लावल्या. वाकळा अंगणात गेल्या, फळ्या निघाल्या, बादलीमागं बादली दाराबाहेर रिकामी झाली. मी भिंतीला टेकून बघत होतो. आठ दिवस काय पिणार, हे कुणी विचारलं नाही. शेजारच्या घरांतून न सांगता भरल्या घागरी आल्या. पुढचं पाणी येईपर्यंत त्याच पुरल्या. बायकोनं शेजारणींना नुसतं म्हटलं असतं, तर तेव्हाही आल्या असत्या.

तळाला ओंजळभर पाणी उरलं होतं. त्यात वळवळ चालली होती. भावजय वाकून बघत म्हणाली, "भावजी, ह्ये कवापासनं?"

"ठावं हुतं मला," मी म्हणालो. ती बादली घेऊन उठली.

आशाताई भेटायला आली, तेव्हा मीच तिला आतल्या खोलीत नेलं. "ताई, पेव न्हवतं ते."

ती कोरड्या हौदाच्या कडेला उकिडवी बसली. मग म्हणाली, "त्या दिवशी का नाही सांगितलं, आजोबा?"

"पाण्यापायी."

जाताना ती चौकटीवरची खूण पदरानं पुसायला लागली. मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे."

अजून आहे ती. हे घर तपासलंय, असं सांगते.